घराचा हप्ता आणि माझी किराण्याची वही



आपल्या अंकात पाककृती येतात, लग्नामुंजीच्या, म्हणजे आपल्या बार मित्स्वाच्या बातम्या येतात, भारताच्या सहलीची वर्णने येतात. पण घरातल्या पैशाच्या ओढाताणीबद्दल सहसा कोणी लिहीत नाही. चारचौघांत सांगायची लाज वाटते. मलाही वाटत होती. आता पंचाहत्तरी उलटली, तेव्हा लाज कसली? म्हणून लिहायला बसले आहे. शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी पदरात घ्याव्यात.

मे 2023 मधली गोष्ट. माझी नात, तिचा नवरा आणि तीन मुले शब्बाथला अशदोदला आमच्याकडे मुक्कामाला आली होती. नारळाच्या दुधातला कोंबडीचा रस्सा, भात आणि बटाट्याची भाजी केली होती. किद्दुश झाला, पाव मोडला. नातीने मुलांना वाढले, नवऱ्याला वाढले आणि स्वतःच्या ताटात दोन चमचे भात घेतला.

"अगं, रस्सा घे ना."

"नको आजी, मला भूकच नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारीही तेच. पोट भरलंय, सकाळीच खाल्लं, वगैरे. पण शनिवारी रात्री हवदाला झाल्यावर उरलेल्या रश्श्याचा डबा दिला, तेव्हा तिने एकदाही "नको" म्हटले नाही. दोन्ही हातांनी घेतला.

"मला भूकच नाही" हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. याच घरात, याच टेबलाशी. त्यासाठी तुम्हाला जरा मागे न्यावे लागेल.

मी 1969 साली लग्न होऊन मुंबईहून इस्राएलला आले, तेव्हा वीस वर्षांची होते. बरोबर माझ्या सासूबाई होत्या. सगळे त्यांना बाय म्हणत, म्हणून मीही बायच म्हणे. बाय अलिबागकडच्या खेड्यातल्या. त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता. मुलांनो, कोकणात आपल्या लोकांना शनवार तेली म्हणत ते यामुळेच. धंदा तेलाचा आणि शनिवारी घाणा बंद. बाय सांगायच्या, "आमच्याकडे तेल विकलं जायचं, पेंड गुरांना जायची आणि बरणीला लागलेलं तेल पोळीने पुसून आम्ही खायचो. वाया काही जात नव्हतं, पण उपाशी कोणी झोपत नव्हतं." या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मी त्या वेळी नीट ऐकला नाही.

1982 साली आम्ही अशदोदला तीन खोल्यांचे घर घेतले. ह्यांना बंदरावर नोकरी होती, मी शिवणकाम करत असे. घरासाठी मश्कांता काढली, म्हणजे घर गहाण ठेवून काढलेले कर्ज. ते कर्ज मदादला, म्हणजे महागाईच्या निर्देशांकाला बांधलेले होते. महागाई जितकी वाढेल तितके मुद्दलही वाढायचे. दर महिन्याच्या 15 तारखेला मदाद जाहीर होई. त्या संध्याकाळी बातम्या लागल्या की आमच्या घरात कोणी बोलत नसे.

1984 साली महागाई वर्षाला 400 टक्क्यांच्याही वर गेली. आजच्या मुलांना हे खरे वाटणार नाही. सकाळी पाहिलेली किंमत आठवड्याने राहत नसे. पगार हातात आला की लोक तांदूळ, साखर, तेल भरून ठेवायला धावत, कारण पैसा घरात ठेवला तर तो वितळायचा. तोसेफेत योकेर म्हणून महागाईभत्ता मिळे, पण तो नेहमी मागून येई, भाव पुढे पळत. दोन वर्षे एकही हप्ता न चुकवता भरला आणि बँकेचा कागद आला, तर बाकी रक्कम घेतलेल्या कर्जापेक्षा मोठी! आकडा वाचून हे म्हणाले, "आपण घराचे पैसे फेडतो आहोत की घर आपल्याला फेडते आहे?"

तेव्हा मी वही घातली. मुलांच्या शाळेच्या वहीची उरलेली पाने शिवून केलेली वही. तारीख, वस्तू, वजन, किंमत, सगळे मराठीत. कोपऱ्यावरच्या माकोलेतवाल्याचे खाते बंद केले, उधारी बंद. कोंबडी महिन्यातून एकदा. फळे फक्त मुलांना. दुधात पाणी. अंडी मोजून. शब्बाथला पाहुणे बोलवणे बंद केले आणि दुसऱ्याकडे जाणेही, कारण गेलो की बोलवावे लागते. शेजारीण म्हणायची, "हिची चमडी जाईल पण दमडी जाणार नाही." मला तो मानच वाटायचा. महिनाअखेरीस मी बेरीज करायची आणि ह्यांच्यापुढे वही धरायची. बघा, मागच्या महिन्यापेक्षा किलोभर साखर कमी, डझनभर अंडी कमी.

बाय जेवायला सगळ्यांत शेवटी बसत. "मला भूकच नाही गं," म्हणत. "अंडं मला पचत नाही, पोराला दे." मी म्हाताऱ्या माणसाचे पोट, असे समजून सोडून दिले. खरे सांगायचे तर सोयीचे होते म्हणून सोडून दिले.

1985 च्या होळीच्या सणाआधी, म्हणजे आपल्या पुरीमच्या आधी, बाय दवाखान्याच्या रांगेत चक्कर येऊन पडल्या. अंगात रक्त अगदी कमी झाले होते. डॉक्टरांनी मला विचारले, "ह्या रोज काय खातात?" मी तोंड उघडले, पण मला सांगता येईना. वहीत साबणाचे वजन लिहिले होते, काड्यापेट्या लिहिल्या होत्या. बाय काय जेवतात ते कुठेच नव्हते. थोरल्या मुलाने, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता, मला बाजूला घेऊन सांगितले, "आई, आजी तिचं अंडं रोज मला द्यायची. तुला सांगू नको म्हणाली होती."

माझ्या वहीत जी शिल्लक दिसत होती, ती बायच्या ताटातली होती.

त्या बऱ्या झाल्या. त्यानंतर नऊ वर्षे आमच्याबरोबर राहिल्या, पणतवंडाचे तोंड मात्र बघू शकल्या नाहीत. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, हेच जास्त लागले. जुलै 1985 मध्ये सरकारने भाव गोठवले, महागाई आवरली. 1 जानेवारी 1986 पासून नवा शेकेल आला, जुन्या हजाराचा एक. नोटांवरची तीन शून्ये गेली, पण हप्ते काही गेले नाहीत. ते भरता भरता मुलांची लग्ने झाली. एक चूक मात्र कायम डोक्यात राहिली. त्या दिवसांत मी अंड्यांत काटकसर केली, पण बँकेत जाऊन एकदाही विचारले नाही की मुदत, हप्ता, काही बदलता येईल का. माझे हिब्रू तोडकेमोडके होते आणि काउंटरवर तोंड उघडायची लाज वाटे. बँकेची लाज वाटली आणि त्याची भरपाई स्वयंपाकघराने केली.

तर अशी ही गोष्ट. त्या शनिवारी रात्री मुले झोपल्यावर मी नातीला स्वयंपाकघरात बसवले आणि सरळ विचारले, "घराच्या हप्त्याचं काही आहे का?" ती रडली.

त्यांनी 2021 साली घर घेतले. कर्जाचे दोन भाग. एक स्थिर व्याजाचा आणि दुसरा 4 लाख शेकेलचा, 30 वर्षांच्या मुदतीचा, प्राइमला बांधलेला. मुलांनो, प्राइम म्हणजे बँक ऑफ इस्राएलचा व्याजदर अधिक दीड टक्का. एप्रिल 2022 पर्यंत तो दर 0.1 टक्का होता, म्हणून प्राइम 1.6. मग दर चढत गेला आणि मे 2023 मध्ये 4.75 वर पोहोचला, म्हणजे प्राइम 6.25. त्यांना प्राइमपेक्षा 0.6 कमी दर मिळाला होता. तरीसुद्धा त्या एका भागाचा हप्ता सुमारे 1290 शेकेलवरून 2230 वर गेला. महिन्याला 940 शेकेल जास्त. पगार तेवढाच. आणि ही पोरगी ते 940 शेकेल स्वतःच्या ताटातून काढू बघत होती.

मी कपाटातून जुनी वही आणली. तिला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. मी वाचून दाखवली आणि बायची गोष्ट सांगितली. मग म्हटले, "आता नवी वही घालू. पण या वेळी आजीच्या चुका वगळून."

काय केले ते क्रमाने लिहिते. कोणाच्या सुना-मुलींना उपयोगी पडेल.

पहिले, एक महिना काहीही कमी करायचे नाही, फक्त लिहायचे. जून 2023 चा खाण्यापिण्याचा खर्च निघाला 3900 शेकेल. त्यात बाहेरून मागवलेले जेवण 620, गोड पेये आणि पाकिटातला खाऊ 340, आणि कचऱ्यात गेलेले अन्न अंदाजे 250. ते शेवटचे तिला पटेना. मग मी आठवडाभर फेकलेल्या गोष्टींचीही यादी करायला लावली: अर्धा पाव, सुकलेल्या काकड्या, तारीख उलटलेले दही, मुलांच्या डब्यातून परत आलेली सँडविचे. यादी बघून तीच गप्प झाली.

दुसरे, आधी कचरा कमी करायचा, मग ताट. शब्बाथचा उरलेला पाव कुस्करून कांदा-मिरचीची फोडणी दिली की रविवारचा नाश्ता होतो. उरलेल्या भाताचा फोडणीचा भात. मुलांच्या डब्यात अर्धेच सँडविच. पुरत नसेल तर ती मागतील. मागितले तर द्यावे.

तिसरे, डब्यातले सोडून सुके घ्यावे. शिजवलेल्या चण्यांच्या डब्यापेक्षा सुके चणे रात्री भिजत घातले तर खूप स्वस्त पडतात. मसूर, मूग, चवळी तशीच. आपल्या वाडवडिलांनी तिशाबावला बिरड्याचा सण असे नाव ठेवले, म्हणजे कडधान्याला सणाचा मान दिला. आठवड्यातले दोन दिवस कडधान्याचे ठरवले. मुलांनी पहिल्या दिवशी नाक मुरडले. तिसऱ्या आठवड्यात धाकटा म्हणाला, "आज ते हिरवं वालं आहे का?" मूग हो!

चौथे, नारळाच्या दुधाचे डबे बंद. आपल्याकडे मांसाबरोबर दूध-दही चालत नाही म्हणून आपल्या रश्श्यात नारळाचे दूध आले. ते आपण सोडणार नाही. पण सुक्या खोबऱ्याचा कीस गरम पाण्यात भिजवून, वाटून, फडक्यातून पिळला की दूध तयार. मेहनत पाच मिनिटांची.

पाचवे, भाजी-फळे बाजारातून. इस्राएलमध्ये ताज्या भाजी-फळांवर मूल्यवर्धित कर नाही, इतर बहुतेक मालावर आहे, आणि 1 जानेवारी 2025 पासून तो 17 चा 18 टक्के झाला. म्हणून पिशवीत जेवढी भाजी जास्त आणि पाकिटे कमी, तेवढे बरे. साधा पाव, साधे दूध, अंडी आणि मीठ यांच्या किमतींवर सरकारचे नियंत्रण आहे. त्याच मालाची नटवलेली भावंडे शेजारीच मांडलेली असतात, त्यांच्याकडे बघू नये.

सहावे, पोट भरून बाजारात जावे. आधी पोटोबा! भुकेल्या पोटी गेले की गाडी आपोआप भरते.

सातवे काम मुलांचे. बाळांनो, हे तुम्ही करा. दुकानात फळीवर मोठ्या किमतीखाली बारीक अक्षरात 100 ग्रॅमची किंमत लिहिलेली असते. ती शोधायची आणि मोठ्याने वाचायची. समजा कॉर्नफ्लेक्सचे 750 ग्रॅमचे मोठे खोके 24 शेकेलला आणि 500 ग्रॅमचे छोटे 15 शेकेलला आहे. मोठे खोके स्वस्त असणार असे वाटते ना? करा हिशेब. मोठ्याचे 100 ग्रॅम 3.20 ला पडतात, छोट्याचे 3.00 ला. माझ्या थोरल्या पणतीने पहिल्याच फेरीत अशा तीन जागा पकडल्या. आता ती आईला काही सुखाने घेऊ देत नाही.

आणि आठवे, जे मी 1984 मध्ये केले नाही. वहीत एक जादा रकाना आखला: "कोण जेवले." रात्री आईने नीट जेवले का, हो की नाही, एवढेच लिहायचे. तीन दिवस "नाही" आले तर त्या आठवड्याची काटकसर रद्द. फळे, अंडी, दही यांवर आम्ही महिन्याला 90 शेकेल वाढवले, ते तिच्यासाठी. नातजावई हसला. मी म्हटले, "हस, पण लिही."

दोन महिन्यांनी हिशेब असा झाला. बाहेरचे जेवण 620 वरून 180. खाऊ 340 वरून 200. मुलांचा बांबा चालू ठेवला, मी काही राक्षसीण नाही. वाया जाणारे 250 वरून 100. एकूण 730 वाचले, त्यातले 90 नव्याने घातले, राहिले 640. उरलेले 300 मोबाइल आणि टीव्हीचे जुने करार बदलून मिळाले. झाले 940. हप्त्याचा वाढलेला खड्डा बुजला आणि कोणी उपाशी राहिले नाही.

ती बँकेतही गेली. तिचे हिब्रू माझ्यासारखे नाही, तडातडा बोलते. तिने विचारून घेतले की प्राइमच्या भागाची मुदतीआधी फेड केली तर व्याजफरकाचा दंड लागत नाही, थोडी कार्यालयीन फी लागते. स्थिर व्याजाच्या भागावर मात्र दंड लागू शकतो, म्हणून तो आकडा आधी लेखी घ्यावा. नातजावयाने एक गणित मांडून दाखवले. बाकी 3 लाख 77 हजार, 28 वर्षे, दर त्या वेळचा 5.65 टक्के. दर महिन्याला फक्त 300 शेकेल जास्त भरले, तर कर्ज साडेसहा वर्षांहून थोडे अधिक आधी फिटते आणि सुमारे एक लाख शेकेल व्याज वाचते. दर बदलला तर आकडे बदलतील, हे खरे. पण 300 शेकेल म्हणजे बाहेरून मागवलेली दोन-तीन जेवणे, आणि तिकडे लाख शेकेल. थेंबे थेंबे तळे साचे हे मी आयुष्यभर म्हणत आले, पण तळे केवढे ते प्रथमच पाहिले. पुढे त्यांना जमले तेव्हा त्यांनी मुदत कमी करून हप्ता तेवढ्याने वाढवून घेतला. हप्ता झेपत असेल तर मुदत कमी करावी. झेपत नसेल तर घाई करू नये. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, पण अंथरूण लहान म्हणून पाय कापून घेऊ नयेत.

एक गोष्ट राहिली. शब्बाथच्या पाहुण्यांची. नातीनेही माझ्यासारखेच येणेजाणे तोडत आणले होते. परत बोलवायला पैसे नाहीत म्हणून कोणाकडे जायचेच नाही. मी ते होऊ दिले नाही. आता महिन्यातून एकदा आम्ही चार घरे एकत्र जमतो. एक भात आणते, एक कडधान्य, एक कोशिंबीर, रस्सा माझा. कोणावर बोजा नाही. ऑक्टोबर 2023 नंतर नातजावई मिलुईमला गेला, त्या काळात याच चार घरांनी तिची मुले सांभाळली. येणेजाणे तोडले असते, तर त्या दिवसांत तिने कोणाचे दार ठोठावले असते?

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या लेकी, सुना, नाती आल्या की त्या काय शिजवतात ते विचारण्यापेक्षा त्या काय खातात ते बघा. आपण गरिबी पाहिली म्हणून "आमच्या वेळी आम्ही किती कमीत भागवलं" अशी बढाई मारतो. ते ऐकून पोरी गप्प बसतात. कमीत भागवले खरे, पण ते कोणाच्या पोटावर, हेही सांगावे. मी एवढी वर्षे सांगितले नव्हते. आज सांगितले.

परवा नातीकडे गेले होते. वही फ्रिजवर लोहचुंबकाने अडकवलेली असते. मी चश्मा लावून शेवटचा रकाना पाहिला. सगळीकडे "हो" होते, एका दिवशी सोडून. त्या "नाही"च्या पुढे पणतीने हिब्रूत काहीतरी लिहिले होते. मी विचारले, हे काय? ती म्हणाली, "सावता, त्या दिवशी आईचं पोट खरंच भरलं होतं. आम्ही दुपारी तुझ्याकडे जेवलो होतो ना!"

सर्वांना शब्बाथ शालोम.